पटक्याखाली

ऑफिसला निघताना जयसिंगचं हेल्मेट डोक्यात शिरेना. पुणेकर आणि हेल्मेट यांचं वैर आता काय सांगायचं! सक्ती आली की मोर्चे, सक्ती ढिली पडली की पेढे, आणि त्या वर्षी ती पुन्हा नव्यानं आली होती. पण जयसिंग त्या भांडणात कधी नव्हताच. सक्ती असो नसो, हा बाबा हेल्मेट घालणार. कर्वेनगरच्या त्याच्या सोसायटीत शिस्तीचा माणूस म्हणून त्याचं नाव झालं होतं ते त्यामुळंच. खरं कारण निराळं होतं. हेल्मेटखाली डोकं कुणाला दिसत नाही, आणि हेल्मेट काढल्यावर केस कसेही पसरलेले असले तरी कुणी काही विचारत नाही. तर तेच रोजचं हेल्मेट, आतल्या स्पंजला त्याच्या घामाचा वास मुरलेलं, त्या सकाळी उजव्या कानाच्या वर येऊन अडलं. त्यानं जोर लावला. अशी कळ आली की पार्किंगचे खांब डोळ्यांपुढं हलले. हेल्मेट उतरवून त्यानं आत पाहिलं, तर स्पंजवर रक्ताचा ओला ठिपका. तळमजल्यावरचे आजोबा तेवढ्यात पेपर घ्यायला बाहेर आले आणि म्हणाले, “काय हो जयसिंगराव, हेल्मेटनं पण राजीनामा दिला वाटतं!” जयसिंग हसला. हसता हसता त्यानं हेल्मेट सीटवर पालथं ठेवलं, आतला डाग आजोबांना दिसू नये म्हणून.

भीती नवी नव्हती. कॉलेजच्या होस्टेलमध्ये एकदा डोकं पुसताना बोटाला काहीतरी लागलं होतं, त्वचेखाली, मुगाच्या दाण्याएवढं. त्याला वाटलं, पुटकुळी असेल. पुटकुळी जाते, हे गेलं नाही. पुढं त्याच्या शेजारी दुसरं आलं, मग मागच्या बाजूला, मग टाळूवर. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं, नुसतं असायचं आणि गुपचूप वाढायचं. जयसिंगनं केस वाढवले. ऑफिसात पोरं त्याला रॉकस्टार म्हणायची, तोही मान उडवून दाखवायचा. सलूनमध्ये जाणं त्यानं कधीच सोडलं होतं. बाथरूमचं दार लावून आरशासमोर स्वतःच कात्री चालवायचा. दिवसभर हजार गोष्टी गुगलवर शोधणारा माणूस, पण ही एक गोष्ट त्यानं कधी शोधली नाही. एकदाच दोन शब्द टाइप केले होते, आणि आलेलं पहिलं चित्र बघून लॅपटॉप असा मिटला की पलीकडच्या खुर्चीतली मुलगी दचकली. डॉक्टरकडं जायची तर हिंमतच नव्हती. डॉक्टर त्या आजाराचं नाव घेईल, आणि ते नाव जयसिंगनं मनात कधीच घेऊन ठेवलं होतं. त्याची चुलती त्याच नावानं गेली होती. नाव न घेता जितके दिवस जातील तितके आपले, असा हिशोब करून हा शिकलासवरलेला माणूस वीसेक वर्षं जगला होता. आणि आता त्यातली एक गाठ वाढून फुटली होती. त्या दिवशी तो रिक्षानं हिंजवडीला गेला आणि स्क्रीनसमोर बसून राहिला. रक्त येणं म्हणजे शेवटची पायरी, असं कुठंतरी ऐकलेलं डोक्यात गरगरत होतं. त्याची मुलगी सृष्टी आत्ता कुठं नववीत गेली होती. तिच्या लग्नाचं, शिक्षणाचं काहीच मनात येईना, एवढंच येत राहिलं की तिला दुचाकी शिकवायची राहिलीय. दुपारी फोन वाजला. चुलतभाऊ सर्जेराव होता. “जया,” तो म्हणाला, “आबा गेलं रं.”

आबा म्हणजे गेनबा, जयसिंगचे वडील. ब्याऐंशीचे होते, आई गेल्यावर गावातच राहिले होते, सकाळी ओट्यावर चहा घेता घेता कलंडले आणि संपले. गाव म्हणजे कात्रजच्या पलीकडचं. आता त्याला गाव म्हणायचं ते नुसतं सवयीनं. महापालिकेत जाऊन त्याला जमाना झाला, शेतांवर टॉवर उभे राहिले, बायपासच्या ट्रकांचा आवाज देवळाच्या गाभाऱ्यात ऐकू येतो. जयसिंग, त्याची बायको ऋतुजा आणि सृष्टी पोहोचले तेव्हा अंगणात पाणी तापत होतं. आबांना अंघोळ घालायची वेळ आली, आणि कुणीतरी त्यांच्या पटक्याला हात घातला. तशी सोजर आत्या, आबांची धाकटी बहीण, अशी काही ओरडली की तो माणूस मागं सरला. “पटका काढायचा न्हाय! जलमभर काढला न्हाय त्यानं, आता तुमी काढताय व्हय?” भावकीतले म्हातारे माना हलवायला लागले. बरोबर हाय, गेनबाची आण हाय. मग पटक्यासकटच पाणी घातलं. डोकं धरायला मुलगा म्हणून जयसिंग बसला होता. त्याच्या उजव्या तळव्यावर बापाचं डोकं होतं, वरून तांब्यातांब्यानं कोमट पाणी पडत होतं, कापड भिजून चिकटत चाललं होतं, आणि त्या ओल्या कापडाखाली त्याच्या तळहाताला ते लागलं. एक, त्याच्या शेजारी दुसरं, मग पुढं सगळंच. कुठं बोराएवढं, कुठं लिंबाएवढं, एकाला एक लागून, मानेपासून कपाळापर्यंत. बोटांना शंका यायचं कारण नव्हतं. रोज अंघोळीच्या वेळी ती हेच चाचपत होती. भोवती पंचवीस माणसं उभी होती, कुणालाच काही दिसलं नाही. जयसिंगनं चेहरा खांद्यात लपवला. लोकांना वाटलं, बापासाठी. सर्जेराव त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

त्या पटक्याची गोष्ट गावात पोराटोरांना पाठ होती. बायपाससाठी जमीन गेली तेव्हा गेनबानं साहेबांसमोर पटका उतरवायला नकार दिला, म्हणाला, जमीन घेतलीत, डोक्यावरचं मागू नका. पुढं त्यात भर पडत गेली. कुणी म्हणायचं कलेक्टर होता, कुणी म्हणायचं मंत्री. गेनबा देवळात पटका काढत नाही, झोपतानाही काढत नाही, न्हाव्याला घरात बोलावून दार लावून घेतो, केवढा तो ताठा! जयसिंगही याच ताठ्याच्या गोष्टीवर वाढला होता. शाळेत निबंधात त्यानं लिहिलंही होतं, माझे वडील स्वाभिमानी आहेत. त्याला एक दुपार आठवत होती. आबा ओट्यावर आडवे झाले होते, तो असेल पाच-सहा वर्षांचा, आणि त्यानं मागून येऊन खेळता खेळता पटक्याचं टोक ओढलं होतं. आबांनी मागचापुढचा विचार न करता त्याच्या कानाखाली वाजवली. आयुष्यात मारलेली ती एकच थप्पड. इतकी वर्षं जयसिंगच्या लेखी ती एका मानी माणसाची थप्पड होती. आता सुतकात, गावच्या घरात घोंगडीवर बसल्या बसल्या, ती पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं यायला लागली, आणि त्याला नीट दिसलं की मारल्यानंतर आबांचा हात पोराकडं नव्हता गेला, आधी डोक्याकडं गेला होता. दोन्ही हातांनी त्यांनी पटका दाबून धरला होता. त्यांचे डोळे रागावलेले नव्हते. तसे डोळे जयसिंगनं हेल्मेट अडलं त्या सकाळी पार्किंगमध्ये स्कूटरच्या आरशात पाहिले होते. मानी बिनी काही नाही, माणूस घाबरलेला होता. चाळीस वर्षं तो घाबरून बसला होता आणि अख्खं गाव त्याला मुजरे करत होतं.

आणि आपण काय निराळं केलं? लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ऋतुजानं त्याच्या केसांत हात घातला होता, आणि त्यानं तिचं मनगट धरून बाजूला केलं होतं. लहानपणी पडलो होतो, टेंगळं आहेत, दुखतात, असं काहीतरी सांगितलं. ती नारायण पेठेत वाढलेली, बोलण्यात कुणाला हार जाणारी नाही. “बरं,” ती म्हणाली होती, “तुमचं डोकं म्हणजे राखीव जंगल. पाटी तरी लावा.” पुढं तिनं विचारलं नाही. सृष्टी लहान असताना त्याच्या खांद्यावर बसायची, पण धरायचं ते कपाळ, केस नाहीत, ही शिस्त. एकदा तिनं मागून येऊन त्याच्या केसांना क्लिपा लावायला घेतल्या तेव्हा तो असा खेकसला की पोर रडवेली झाली, क्लिपा तिथंच टाकून आत पळाली. त्यानं नंतर आइस्क्रीम आणलं. तो विषय तिथं संपला, असं त्याला वाटलं होतं.

दिवस सरत होते आणि दहावा जवळ येत होता. दहाव्याला घाटावर मुलानं डोकं भादरायचं, मिशी काढायची, मग पिंड. भावकीतले सगळेच पुरुष बसतात, पण मुलाला सुटका नाही, आणि जयसिंग तर एकुलता एक. तसं हल्ली शहरातली माणसं चार केस कापून भागवतात, पण सर्जेरावनं आधीच बजावलं होतं. “जया, तुझं ते हिरोवानी केस हायेत खरं, पर गेनबाचा पोरगा हायेस. लोक बघत्यात.” लोक बघत्यात! नेमकं तेच तर होतं. जयसिंगला जेवण जाईना. दिवसाढवळ्या, सगळ्या गावापुढं, दाढीच्या ब्लेडनं त्याचं डोकं उघडं पडणार होतं. सोजर आत्यानं हे ओळखलं होतं की काय कोण जाणे. एका दुपारी परसात ती त्याच्याजवळ येऊन टेकली, इकडंतिकडं बघितलं आणि खाली आवाजात म्हणाली, “तुला बी हायेत न्हवं?” जयसिंगनं केस कानांवर ओढून घेतले. “तुज्या आज्याला बी व्हती. मला न्हाईत, देवाची किरपा. तू आसं कर, डाक्टरनं मना केलंय म्हन. डोकं भादरू नगंस. येकदा लोकास्नी दिसलं की संपलं बग, तुज्या पोरीला कोन दारात उभं करंल?” आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं हे प्रेमानंच सांगितलं होतं, भावाचं झाकलं तसंच भाच्याचं झाकायला निघाली होती. पण जयसिंगच्या कानात तिचं एकच वाक्य घुसलं. तुझ्या आज्याला. म्हणजे आजा, बाप, मी. ही ओळ कुठं जाऊन थांबते? अंगणात सृष्टी गुडघ्यात तोंड घालून मोबाईल बघत बसली होती. सुतक असल्यामुळं घरात कुणी तेल-फणी करत नव्हतं, तिचे केस तसेच गुंता झालेले, मानेवर पसरलेले होते. जयसिंगनं तिच्या डोक्याकडं बघितलं आणि नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचं काम आहे असं सांगून तो शहरात आला आणि, ज्याला वीस वर्षं टाळलं, त्या दारात जाऊन उभा राहिला. त्वचारोगतज्ज्ञ, पहिला मजला. काउंटरवरच्या बाई वर न बघता म्हणाल्या, “नंबर लावलाय?” नव्हता लावला. “मग बसा. बसणाऱ्यांना डॉक्टर बघतात, उभ्या राहणाऱ्यांना नाही.” तो बसला. पळून जावं असं त्याला निदान चार वेळा वाटलं. डॉक्टर प्रियदर्शनी म्हणून होत्या, वयानं त्याच्याएवढ्याच. त्यांनी दिवा जवळ ओढला, केसांचे भांग पाडत पाडत सगळं डोकं पाहिलं. परक्या माणसाची बोटं तिथं पहिल्यांदाच फिरत होती. जयसिंगनं खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले होते. “किती वर्षं आहेत?” “वीसेक.” “वीस वर्षं काय केलंत?” “केस वाढवले,” तो म्हणाला. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी हातमोजे काढले. “हे बघा, एक गाठ काढून तपासल्याशिवाय मी नक्की म्हणणार नाही. पण अशा गाठी असलेली घरं मी पाहिली आहेत. केसांच्या मुळाशी ज्या पेशी असतात ना, त्यांच्यापासून ह्या गाठी होतात. कॅन्सर नाही. फुटली ती हेल्मेटनं घासून फुटलीय.” जयसिंगला ऐकू आलं, पण कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. “फार क्वचित एखादी बिघडते, म्हणून लक्ष ठेवायचं. त्रास देईल ती काढायची, परत आली तर परत काढायची. कायमचं गिऱ्हाईक आहात तुम्ही माझं. घरात आणखी कुणाला?” “नाही,” तो सवयीनं म्हणाला. मग त्याचं लक्ष आपल्या उजव्या तळव्याकडं गेलं. “वडिलांना होत्या. परवाच कळलं.” “परवा? दाखवलं त्यांनी?” “नाही. वारले.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, “हे रक्तातून येतं. आईबापांपैकी एकाला असलं तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. तुम्हाला मुलं?” “एक मुलगी. चौदाची.” “वयात येताना सुरू होतं बहुतेक. मुलींना चेहऱ्यावरही येतात कधीकधी, नाकाच्या कडेला. घेऊन या तिला. आणि तुम्ही दहाव्यानंतर या. डोकं भादरलेलं असेल, मला नीट दिसेल.”

जिना उतरेपर्यंत तो सुखात होता. आपण मरणार नाही! वीस वर्षांचं ओझं जिन्यावर टाकून तो खाली आला, रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्नसुद्धा गोड लागले, समोरच्या टपरीवर चहा मागितला. चहा हातात आला आणि निम्मी हा शब्द डोक्यात उतरला. निम्मी म्हणजे किती, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. आयुष्यभर आकड्यांचंच काम केलेलं. तरी तो शब्द हातात धरून तसाच उभा राहिला. आजपर्यंतची भीती त्याची स्वतःची होती, तिच्याबरोबर कसं राहायचं ते त्याला जमून गेलं होतं. ही दुसरी होती, हिची सवय नव्हती. सृष्टी आरशासमोर किती वेळ असते. मैत्रिणींबरोबर सेल्फी काढताना गाल आत ओढते, नाकाला काहीतरी लावते, मग पुसते. नाकाच्या कडेला, डॉक्टर म्हणाल्या होत्या. चहा निवला. त्या दिवसापासून त्यानं मुलीकडं सरळ बघणंच सोडलं. ती समोर आली की तो भिंतीकडं बघून बोलायचा. बघितलं नाही तर नसेल, असं काहीतरी खुळं गणित त्याच्या मनानं मांडलं होतं. ऋतुजाला सांगावं असं दोनदा तोंडावर आलं, पण घरात पाहुण्यांची रीघ, कोपऱ्याकोपऱ्यात कुणी ना कुणी बसलेलं. ऋतुजानं एकदा विचारलंच, “अहो, तिच्यावर रागावलात का? पोर किती दिवसांत नीट बोलली नाहीये.” “मी कशाला रागावू?” तो म्हणाला. “ती पण बोलत नाही आणि तुम्ही पण. आबांचं दुःख आहे, कळतं मला, पण घरात माणसं आहेत.” जयसिंगनं मान डोलावली आणि विषय टाळला.

दहाव्याच्या सकाळी ओढ्याकाठच्या घाटावर मंडप होता, खुर्च्या होत्या, आणि मोठा फ्लेक्स, त्यावर पटक्यातले आबा, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. पुण्याच्या आसपासच्या गावांत दहावा म्हणजे निम्मी सभाच असते. प्रवचन झालं आणि मग श्रद्धांजल्या सुरू झाल्या. एकीकडं भाषणं आणि दुसरीकडं ओळीनं बसलेल्या भावकीचं भादरणं, दोन्ही बरोबर चाललेलं. जयसिंगचं ठरलं होतं. न्हावी समोर आला की म्हणायचं, डॉक्टरांनी मनाई केलीय. वाक्य त्यानं सकाळपासून घोकलं होतं. पाटावर बसला. त्याच्या पुढ्यात वस्तरा उघडला गेला, नवीन ब्लेड चढलं. आधी मिशी गेली. माईकवर माजी नगरसेवक आप्पासाहेब उभे राहिले होते, त्यांचा आवाज घाटभर घुमत होता. “गेनबांनी उभ्या जन्मात कुणापुढं मान तुकवली नाही! कलेक्टर आले, मंत्री आले, पण गेनबांचा पटका उतरला नाही! याला म्हणतात स्वाभिमान!” न्हाव्यानं तांब्याभर पाणी जयसिंगच्या डोक्यावर ओतलं. आता बोलायचं. आता. डॉक्टरांनी मनाई केलीय. त्यानं तोंड उघडलं आणि त्यातून काही आलं नाही. भीतीनं जीभ टाळ्याला चिकटली होती. धाडसबिडस काही नव्हतं त्यात, नाव ठेवायचं तर भित्रेपणाच म्हणा. वाक्य तोंडात होतं आणि वस्तरा कपाळाला टेकला होता. पहिली बट मांडीवर पडली. “मालक,” न्हावी थबकून हळूच म्हणाला, “ह्ये काय हाय?” जयसिंगनं डोळे मिटून घेतले. वस्तरा थोडा थांबला आणि मग फार हळू, वळणं घेत घेत पुढं सरकायला लागला. केस मांडीवर, पाटावर, ओल्या फरशीवर पडत होते. वारा लागत होता अशा जागी, जिथं तो पंधरा-वीस वर्षांत लागला नव्हता. एक गाठ कापली गेली, कानामागून गरम ओघळ मानेवर आला.

त्याच्या भोवतीचं बोलणं आधी थांबलं, मग ओळीतलं, मग खुर्च्यांवरचं. आप्पासाहेब स्वाभिमानाबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली, “गेनबांचा पटका…” म्हणाले आणि त्यांना पुढचं वाक्य सापडेना. माईक नुसता घुंई करत राहिला. मागच्या रांगेतला कुणी म्हातारा म्हणाला, “म्हंजी गेनबाचं बी…” आणि दुसऱ्यानं त्याला गप केलं. पण व्हायचं ते झालं होतं. गावाला कळलं. चाळीस वर्षांच्या गोष्टीची घडी लोकांच्या डोळ्यांदेखत उलगडत होती, आणि जो तो खाली बघत होता, कुणी चपलेकडं, कुणी ओढ्याकडं. जयसिंगनं डोळे उघडले. सगळे त्याच्यासाठी नजर चुकवत होते, आणि ती चुकवलेली नजर त्याला किळसेपेक्षाही वाईट वाटली. सर्जेराव धावत आला, आहेरातली कोरी टोपी त्यानं कागद फाडून काढली. “घाल जया, घाल पटकन, ऊन हाय.” ऊन कसलं, मंडप होता वर. सोजर आत्या पदर तोंडाला लावून रडत होती, हातानंच खुणावत होती, घाल, घाल. जयसिंगनं टोपी हातात घेतली. घालणारच होता तो. खोटं कशाला सांगा, त्याला त्या क्षणी दुसरं काहीही नको होतं.

बायकांच्या घोळक्यात सृष्टी उभी होती. ती तेवढी नजर चुकवत नव्हती. टक लावून बघत होती, आणि तिच्या तोंडावरचा रंग पार उडाला होता. घाबरली माझ्याकडं बघून, असं जयसिंगच्या मनात आलं, आणि मग त्याला तिचा हात दिसला. डाव्या कानामागं, केसांच्या आत गेलेला, दोन बोटं एकाच ठिकाणी, हलकेच दाबत, सोडत, पुन्हा दाबत. तिला स्वतःला पत्ता नसावा. हा हात त्याला ठाऊक होता. मीटिंगमध्ये, सिग्नलला, सिनेमा बघताना, त्याचाच हात असा आपोआप जायचा.

तो उठला. पिंड व्हायचे होते, कुणीतरी मागून हाक मारली, ओल्या धोतरानं तो तसाच बायकांच्या बाजूला गेला. टोपी हातातच राहिली होती. “कधीपासून?” त्यानं विचारलं. “काय?” सृष्टी म्हणाली आणि हात झटकन खाली घेतला. “सृष्टी. कधीपासून आहे?” ती पायांकडं बघत म्हणाली, “सातवीत होते तेव्हापासून. बाबा, मला वाटलं, मला ते झालंय. मी मोबाईलवर बघितलं, त्यात सगळं तसंच लिहिलं होतं. मला वाटायचं, दहावीपर्यंत तरी राहीन ना मी.” एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. दोन वर्षं! आपण बाथरूमचं दार लावून स्वतःचं डोकं चाचपत होतो तेव्हा भिंतीपलीकडं ही पोर मरणाची वाट बघत झोपत होती. “मला का नाही सांगितलंस?” तिनं त्याच्याकडं असं बघितलं की विचारल्याची त्याला लाज वाटली. “तुम्ही डोक्याला हात लावला की ओरडता. मला वाटलं, हे कुणाशी बोलायचं नसतं.” ऋतुजा जवळ आली होती, काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, ती एकदा नवऱ्याच्या डोक्याकडं आणि एकदा मुलीकडं बघत होती.

“यानं मरत नाही माणूस,” जयसिंग म्हणाला. “नक्की?” “आबा ब्याऐंशीचे होऊन गेले.” “आबांना पण होतं?” “आबांना पण. त्यांच्या वडिलांना पण.” सृष्टीनं नाक ओढलं, डोळे पुसले. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं, ते त्याला दिसत होतं, आणि पुढचा प्रश्न कुठला येणार हेही त्याला कळलं होतं. “मग वाढतं हे?” नाही म्हणून टाकावं, असं त्याच्या जिवाला फार फार वाटलं. घाटावर शंभर माणसं श्वास रोखून उभी होती. “वाढतं,” तो म्हणाला. “तुमच्याएवढं?” “ते मला माहीत नाही, बाळा. डॉक्टर आहेत एक, चांगल्या आहेत. आपण जाऊ दोघं.” “बघता तुम्ही?” ती म्हणाली, आणि वाट न बघता पाठमोरी झाली, तेलाशिवाय राठ झालेले केस दोन्ही हातांनी उचलून धरले. जयसिंगनं ओले हात धोतराला पुसले. तो वाकला, कानामागचे केस बोटांनी बाजूला केले आणि बघितलं. होती. मसुराएवढी, गुलाबी, आबांची, त्याची, आता हिची. आणि बोटभर वर, केसांत लपलेली, आत्ताच डोकं वर काढत असलेली दुसरी. तिथं तिचा हात कधी गेला नसावा.

“किती आहे, बाबा?” सृष्टीनं मान न वळवता विचारलं. “एकच आहे ना?”

“दोन आहेत,” तो म्हणाला.